वीज माफ, पण स्टार्टरच्या रिचार्जचे काय?

कळवण तालुक्यात उन्हाळ कांद्याची लागवड साधारणतः डिसेंबर-जानेवारीत आटोपते आणि तेथून पुढचे तीन महिने शेतकऱ्याचे घड्याळ थ्री फेज विजेच्या वेळापत्रकावर चालते. आठवड्यातील काही दिवस वीज दिवसा, तर काही दिवस रात्री, असा हा फेरा. चणकापूर धरण आणि गिरणेच्या पाण्यावर पोसलेल्या या पट्ट्यात रात्री दोन वाजता बॅटरी हातात घेऊन विहिरीवर जाणे आणि बिबट्याच्या भीतीने कानोसा घेत दारे धरणे, हा अनुभव नवा नाही. म्हणूनच मोबाइलवर चालणारा स्टार्टर बाजारात आला तेव्हा त्याचे स्वागत झाले, ते कौतुकापोटी नव्हे तर गरजेपोटी. विहिरीवरच्या पेटीत एक सिमकार्ड बसवायचे, घरातून त्या क्रमांकाला फोन लावायचा, एखादा आकडा दाबायचा की मोटार सुरू. वीज आहे की गेली, पाणी उपसले जाते आहे की मोटार कोरडी फिरते आहे, हेही घरबसल्या कळते.

या कल्पनेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक महाराष्ट्रातलेच. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणाला २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत पुरस्कार मिळाला होता. त्यानंतर अनेक उत्पादक या धंद्यात उतरले आणि आज काही हजार रुपयांत असा स्टार्टर तालुक्याच्या कोणत्याही कृषी यंत्रांच्या दुकानात मिळतो. खोक्यावर किंमत छापलेली असते, हमीची मुदत छापलेली असते. मात्र आतल्या सिमकार्डाला वर्षाला किती रुपये लागतील आणि ते किती वर्षे चालेल, हे कोठेही छापलेले नसते.

हा प्रश्न एका तालुक्यातील शेतकऱ्यांचा किरकोळ गाऱ्हाण्याचा विषय वाटू शकेल. परंतु वस्तू विकत घेतल्यानंतरही तिच्या वापरासाठी कायमचे भाडे भरावे लागणे, ही आज शहरी मध्यमवर्गाच्या घरातील निम्म्या उपकरणांची स्थिती आहे. कळवणच्या विहिरीवर ती फक्त अधिक उघडी दिसते, कारण तेथे भाडे थकले की पीक सुकते.

मुळात हा स्टार्टर जेव्हा लोकप्रिय होऊ लागला तेव्हा त्याच्या सिमला जवळपास काहीच खर्च येत नसे. २००५ च्या अखेरीस आणि २००६ च्या प्रारंभी मोबाइल कंपन्यांनी ‘लाइफटाइम’ योजना आणल्या. ९९९ रुपये एकदा भरा आणि येणारे फोन आयुष्यभर घ्या, अशी ती जाहिरात होती. आयुष्यभर म्हणजे कोणाच्या आयुष्यभर, असा प्रश्न तेव्हाच उपस्थित झाला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, मार्च २००६ मध्ये त्याचे उत्तर दिले. कंपनीचा परवाना आणि नूतनीकरण झाल्यास तो नूतनीकृत परवाना जोवर आहे तोवर ही मुदत पाळावी लागेल, असे ते उत्तर होते. ग्राहकाने याचा अर्थ, आता काळजी मिटली, असाच घेतला. स्टार्टरला तर स्वतःहून फोन करण्याची फारशी गरजच नसते. त्याला फक्त फोन यावा लागतो. येणारा फोन फुकट म्हटल्यावर लाइफटाइम सिम हा त्या पेटीसाठी जणू ठरवून तयार केलेला भाग होता.

२०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे गणित मोडले. एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली: २८ दिवसांसाठी ३५ रुपये, अन्यथा आधी जाणारे आणि नंतर येणारेही फोन बंद. खात्यात पैसे शिल्लक असलेल्या ग्राहकांनाही सेवा बंद करण्याचे संदेश येऊ लागले. तेव्हा ट्रायने कंपन्यांना तातडीने सेवा तोडू नये व ग्राहकांना नीट कळवावे, असे सांगितले. पण दर किती असावा हा कंपन्यांचा अखत्यार मानला गेला. पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. एअरटेलच्याच किमान रिचार्जचे उदाहरण घ्यायचे तर २०२१ च्या नोव्हेंबरात ९९ रुपये, २०२३ मध्ये १५५ आणि जुलै २०२४ पासून २८ दिवसांना १९९ रुपये. सहा वर्षांत पावणेसहा पट.

२८ दिवसांचा ‘महिना’ हीदेखील एक चमत्कारिक निर्मिती आहे. त्यामुळे वर्षात बारा नव्हे तर तेरा रिचार्ज बसतात. ३० दिवसांचा किमान एक पर्याय द्यावा, असे ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये बजावले, तो मिळालाही. पण दुकानातून सर्रास खपतो तो २८ दिवसांचाच. १९९ गुणिले तेरा म्हणजे २,५८७ रुपये. ज्याच्या दोन विहिरी आणि एक बोअर आहे, त्याच्या तीन स्टार्टरचा वर्षाचा हिशेब पावणेआठ हजारांच्या घरात जातो. या रकमेत अमर्याद बोलणे आणि इंटरनेटही मिळते, असे कंपनी सांगते. विहिरीवरची पेटी कोणाशी बोलणार आणि इंटरनेटवर काय पाहणार?

आता यातला विरोधाभास पाहा. राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत केली. ४४ लाखांहून अधिक शेतकरी या योजनेच्या कक्षेत येतात. या धोरणाच्या शहाणपणाबद्दल मतभेद असू शकतात आणि तो या लेखाचा विषय नाही. परंतु परिणाम असा की पाच अश्वशक्तीची मोटार वर्षभर चालवण्याचे बिल शून्य, आणि ती मोटार सुरू करणाऱ्या बटणाचे बिल अडीच हजार.

यावर उपाय झाला नाही असे नाही. केवळ बोलणे आणि लघुसंदेश यांपुरते, इंटरनेटविना रिचार्ज उपलब्ध करून द्यावेत, असा आदेश ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी काढला. साधे फोन वापरणारे देशात सुमारे १५ कोटी ग्राहक आहेत, त्यांना न लागणाऱ्या गोष्टीचे पैसे का पडावेत, हा त्यामागचा रास्त विचार. विशेष रिचार्जची कमाल मुदतही ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी आदेशाचे पालन केले. एअरटेलची वर्षभराची योजना इंटरनेटसह १,९९९ रुपयांना होती. इंटरनेट वगळून ती १,८४९ रुपयांना मिळू लागली. म्हणजे चोवीस जीबी इंटरनेटची किंमत दीडशे रुपये आणि नुसत्या फोनची साडेअठराशे! आदेशाचे अक्षर पाळून त्याचा आत्मा कसा बाजूला ठेवावा, याचा हा नमुना म्हणता येईल.

तरीही वर्षाची योजना महिन्याच्या योजनेपेक्षा सातशे रुपयांनी स्वस्त पडते. मग शेतकरी ती का घेत नाही? कारण रोख हाती येण्याची वेळ. कांदा विकला जातो एप्रिलनंतर, चाळीत साठवला असेल तर त्याहून पुढे. आणि खर्च असतो डिसेंबरपासून. एकरकमी पैसे भरू शकणाऱ्याला सवलत आणि न भरू शकणाऱ्याला दंड, हे वर्गणीच्या अर्थकारणाचे जुने वैशिष्ट्य आहे. त्यात पुन्हा स्टार्टरची खरी गरज सात-आठ महिन्यांची. पावसाळ्यात तो मुका बसलेला असतो. पण त्या काळात रिचार्ज केले नाही तर क्रमांकच हातचा जाण्याची धास्ती. मग नवे सिम, नवी कागदपत्रे, पेटीत पुन्हा सारी जुळवाजुळव. या त्रासापेक्षा पैसे भरलेले बरे, असे म्हणून माणूस भरतो. कंपनी बदलावी म्हटले तर शिवारात ज्या कंपनीचा मनोरा पोहोचतो तीच घ्यावी लागते. मुंबई-पुण्यात स्पर्धेचा जो लाभ ग्राहकाला मिळतो, तो सप्तशृंगीच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी मिळत नाही.

शहरी वाचकाला हे सारे दूरचे वाटत असेल तर त्याने आपल्या दिवाणखान्यातील टीव्हीखाली ठेवलेल्या पेटीकडे पाहावे. घरोघरी थेट उपग्रह प्रक्षेपणाची, म्हणजे डीटीएचची, मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने मार्च २००१ मध्ये जाहीर केली. त्यांतच अशी अट होती की सेट टॉप बॉक्स खुल्या रचनेचा असावा आणि एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालू शकावा. हेतू उत्तम होता: ग्राहकाने पेटी विकत घेतली आहे, तर सेवा आवडली नाही म्हणून पेटी फेकून देण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये. पुढील दोन दशकांत काय झाले ते आपण जाणतोच. पेटीत एक खाच ठेवण्याची तांत्रिक पूर्तता झाली, पण त्या खाचेत बसणारा भाग मुळी पेटीइतकाच महाग, त्यामुळे कंपनी बदलणाऱ्याने जुनी पेटी माळ्यावर टाकणे, हाच रिवाज राहिला. ट्रायने एप्रिल २०२० मध्ये पुन्हा एकदा, सर्व पेट्या परस्परांच्या सेवांवर चालणे अनिवार्य करावे अशी शिफारस केली. म्हणजे १९ वर्षांपूर्वीच्या अटीची अंमलबजावणी व्हावी, अशी ती शिफारस होती.

पेटी निरुपयोगी होण्याचे दुःख काहींच्या वाट्याला अधिक तीव्रतेने आले. रिलायन्स बिग टीव्ही ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली. नंतर ती दुसऱ्या मालकांकडे गेली आणि २०१८ मध्ये तिने एक भव्य योजना जाहीर केली: आगाऊ नोंदणी ४९९ रुपयांत, उर्वरित रक्कम पेटी मिळाल्यावर, वर्षभर सशुल्क वाहिन्या आणि पाच वर्षे विनामूल्य वाहिन्या. पुढे ‘इंडिपेंडंट टीव्ही’ असे नाव धारण केलेली ही सेवा २०१९ मध्येच बंद पडली. पाच वर्षांचे आश्वासन दोन वर्षेही टिकले नाही. ग्राहकाच्या गच्चीवरची छत्री तशीच, पेटी तशीच, त्यात बिघाड काहीही नाही. फक्त वरून काही येत नाही.

याहीपूर्वीची एक घटना संगीतप्रेमी वाचकांना आठवत असेल. वर्ल्डस्पेस नावाच्या अमेरिकी कंपनीने २००० साली एशियास्टार हा उपग्रह सोडला आणि भारतात उपग्रह रेडिओची सेवा दिली. विशिष्ट रेडिओ संच विकत घ्यायचा आणि वार्षिक वर्गणी भरायची. ए. आर. रहमान यांच्यासारखा संगीतकार तिच्या जाहिरातीत होता. ‘गंधर्व’ या वाहिनीवर अहोरात्र हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत, जाहिरातींचा व्यत्यय नाही. पुण्या-मुंबईच्याच नव्हे तर लहान गावांतल्या, मैफलींपासून वंचित राहिलेल्या रसिकांना ती सेवा म्हणजे पर्वणी वाटली. कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा संपली. कारण असे देण्यात आले की कंपनीच्या जगभरातील मालमत्तेत रस असलेल्या खरेदीदाराला भारतातील वर्गणीदारांचा व्यवसाय नको होता. वर्गणीदार हा हिशेबात धरण्याची गरज नसलेला आकडा ठरला. त्या संचावर आकाशवाणीही लावावी, तर ज्या लहरींसाठी तो मुख्यतः घेतला त्या लहरींवर ऐकण्यासारखे काही उरले नाही. आजही कित्येक घरांत तो संच कपाटावर आहे. टाकवत नाही, कारण तो बिघडलेला नाही.

बिघडलेली वस्तू आणि निराधार झालेली वस्तू यांतला हा फरक आपल्या कायद्याला अजून नीट उमगलेला नाही. कायदा वस्तू आणि सेवा अशी दोन खाती मानतो. वस्तू बिघडली तर उत्पादक जबाबदार, सेवा त्रुटीपूर्ण असली तर सेवादाता जबाबदार. परंतु स्टार्टरच्या उत्पादकाने पेटी निर्दोष दिली आणि मोबाइल कंपनीने आपल्या अटींप्रमाणे सिम बंद केले, तर दोष कोणाचा? दोघेही आपापल्या कागदपत्रांच्या आधारे निर्दोष सुटतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला, त्यात ‘उत्पादन दायित्व’ हे नवे प्रकरण आले आणि त्यात वस्तूशी निगडित सेवा देणाऱ्यालाही ओढले गेले, हे स्वागतार्हच. परंतु त्यासाठी ‘हानी’ची जी व्याख्या केली आहे तिच्यातून खुद्द वस्तूची झालेली हानी आणि आर्थिक नुकसान वगळलेले आहे. म्हणजे स्टार्टरचा स्फोट होऊन कोणी जखमी झाले तर या प्रकरणाचा उपयोग. तो मुका झाल्याने कांद्याचा वाफा वाळला तर नाही.

दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते की नाही, यावरच कित्येक वर्षे वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात तो मिटवला. आयोगाला अधिकार आहे, असा निर्वाळा दिला. पाच लाखांपर्यंतच्या दाव्यांना शुल्क नाही, तक्रार संगणकावरूनही दाखल करता येते. हे सारे खरे. पण सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या नाशिकच्या जिल्हा आयोगात अडीच हजार रुपयांसाठी वर्ष-दोन वर्षे कोण तारखा मोजणार? लहान लहान रकमा मोठ्या संख्येने माणसांकडून घेतल्या की कोणीच भांडत नाही, हे या धंद्याचे गृहीतक आहे आणि ते आजवर खोटे ठरलेले नाही.

मोबाइल कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मात्र म्हणता येणार नाही. मनोरे उभारायचे, डोंगराळ भागात ते डिझेलवर चालते ठेवायचे, लहरींच्या लिलावात हजारो कोटी ओतायचे, आणि काहीही न भरणाऱ्या कोट्यवधी सिमचा भार वाहायचा, हे कायम चालणार नव्हते. लाइफटाइमचे आश्वासन हेच मुळी बेजबाबदार होते. प्रश्न शुल्क घेण्याचा नाही. दिवसातून दोनदा अर्धा मिनिट वाजणाऱ्या यंत्राला आणि दिवसभर चित्रपट पाहणाऱ्या माणसाला एकच किमान दर का, हा प्रश्न आहे. त्याचे तांत्रिक उत्तर उपलब्धही आहे. यंत्रांसाठीच्या सिमची तेरा अंकी स्वतंत्र क्रमांकमालिका २०१८ पासून अस्तित्वात आहे. अशा सिमवरून ठरावीक क्रमांकांशीच संपर्क साधता येतो, त्यामुळे गैरवापराची भीतीही कमी. परंतु हे सिम कंपन्या कंपन्यांना घाऊक देतात. विजेचे मीटर, वाहने, पैसे मिळाल्याचे सांगणारी दुकानातील पेटी यांसाठी ते जाते. कळवणच्या बाजारपेठेत एखाद्या शेतकऱ्याने मोबाइलच्या दुकानात जाऊन ‘मोटारीसाठी सिम द्या’ म्हटले, तर त्याला माणसांचेच सिम आणि माणसांचाच दर मिळतो.

याउलट सरकार स्वतः खरेदीदार असते तेव्हा ते किती सावध असते, हे सौर कृषिपंपांच्या योजनेत दिसते. पीएम-कुसुम योजनेत पुरवठादारावर पाच वर्षांच्या देखभालीचे बंधन आहे आणि पंपावर दूरस्थ देखरेखीची यंत्रणा बसवणे हाही पुरवठ्याचाच भाग आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. कळवण हा आदिवासीबहुल तालुका असल्याने हा दुसरा दर येथे अनेकांना लागू होतो. पाच वर्षे सांभाळण्याची किंमत आधीच मोजा आणि करारात लिहा, हे शहाणपण जर निविदेत लिहिता येते, तर खोक्यावर का नाही? आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनी खोक्यावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना, तक्रारीचा पत्ता छापणे सक्तीचे केलेच आहे. त्यात दोन ओळींची भर पडायला हवी: ही वस्तू चालण्यासाठी दुसऱ्या कोणाची सशुल्क सेवा लागते काय, आणि ती वस्तू किती वर्षे चालती ठेवण्याची हमी उत्पादक देतो.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांच्या उत्पादकांना सुरक्षाविषयक सुधारणा किमान किती काळ देणार ते जाहीर करावे लागते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याच वर्षी १८४ उपकरणांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील जवळपास ८९ टक्के उपकरणांच्या उत्पादकांनी आपल्या संकेतस्थळावर अशी मुदत सांगितलेलीच नव्हती. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर २०२२ मध्ये समिती नेमली, तिच्या विषयपत्रिकेत शेतीची अवजारेही होती. दुरुस्तीसुलभतेच्या निर्देशांकावरील समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्याचा रोख प्रामुख्याने मोबाइल फोनवर आहे. सुटे भाग मिळतात का, आज्ञावलीच्या सुधारणा मिळतात का, याला त्यात गुण आहेत. ज्या सेवेविना वस्तू उघडतच नाही तिचे काय, हा प्रश्न मात्र दुरुस्तीच्या चौकटीत मावत नाही.

आणि कळवणच्या विहिरींवर तो लवकरच नव्या रूपात येणार आहे. आजवर बसवलेल्या स्वस्त स्टार्टरांपैकी पुष्कळसे टूजी तंत्रावर चालतात. जिओकडे ते जाळे कधी नव्हतेच, आणि देशातील टूजी व थ्रीजी जाळी पूर्णतः बंद करण्याचे धोरण सरकारने आखावे, अशी भूमिका त्या कंपनीने २०२४ मध्ये ट्रायपुढे मांडली. इतर कंपन्यांनी थ्रीजी गुंडाळले, टूजी अजून ठेवले आहे ते साध्या फोनवाल्या ग्राहकांमुळे. ज्या दिवशी ते ग्राहक पुरेसे घटतील, त्या दिवशी रिचार्ज भरूनही पेटी वाजणार नाही. टूजी बंद करण्यात तांत्रिक तर्क आहे आणि जगभर ते होतच आहे. परंतु किती पंप, किती मीटर, किती गजर या जाळ्यावर टांगलेले आहेत याची मोजदाद आधी व्हायला हवी. ती करणे दूरसंचार खात्याचे काम की कृषी खात्याचे की महावितरणचे, हे ठरवण्यापासून सुरुवात आहे.

दरम्यान, जाणते शेतकरी जुन्या ‘ऑटो’कडे वळताना दिसतात. वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा हा साधा स्विच. त्याला सिम नाही, रिचार्ज नाही. महावितरणला तो नकोसा आहे, कारण वीज येताच गावातल्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि डीपीवर भार येतो. डीपी जळाला की आठ-आठ दिवस सारा मळाच अंधारात. मोबाइल स्टार्टर त्याला चांगला पर्याय होता.